आप्पा आले की गाडी थांबते

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी केली. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा म्हटले की लोकांना अपघात हवे असतात. माझ्या हद्दीत अपघात झाला नाही. जे घडले नाही त्यावर काय लिहायचे, ही आम्हा सिग्नलवाल्यांची जुनी अडचण आहे. म्हणून निवृत्तीनंतरच्या एका कामाबद्दल लिहितो. त्या कामात गाड्या हातभर लांबीच्या होत्या आणि रूळ दोन बोटे रुंदीचे. संशय मात्र पुऱ्या मापाचा होता.

आमचे काम म्हणजे गाडी कुठे आहे ते पाहणे, असे बाहेरच्या माणसाला वाटते. गाडी कुठे आहे ते कुणालाही दिसते. रूळ रिकामा आहे हे खात्रीने सांगणे अवघड असते, आणि पगार त्याचा मिळतो. त्यासाठी रुळाचे तुकडे पाडतात. त्याला खंड म्हणू. एका खंडात एकच गाडी. खंड रिकामा असल्याचा पुरावा हाती येईपर्यंत तो भरलेला धरायचा. तार तुटो, उंदीर कुरतडो, यंत्राचे उत्तर 'भरलेला' असेच आले पाहिजे. खोटी भीती परवडते, खोटा धीर परवडत नाही. हे वाक्य मी शिकाऊ लोकांना इतक्या वेळा ऐकवले होते, की मी अर्धे म्हटले की माझी पत्नी निर्मला स्वयंपाकघरातून उरलेले पूर्ण करायची. "पिठाचा डबा रिकामा झालाय हेसुद्धा तुम्ही उलटा करून बघता," असेही ती म्हणायची. ते खरे होते.

निवृत्त झाल्यावर आम्ही गेवराईला येऊन राहिलो. तिथल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनांचे एक दिवस बोलावणे आले. त्यांना सगळे आप्पा म्हणत. ते वर्ष दुष्काळाचे होते. शेतात ऊस नव्हता, जनावरे छावणीत होती, आणि माणसे टँकरच्या वेळेवर आपली कामे बांधून घेत होती. अशा वर्षी आप्पांनी कारखान्याच्या सभागृहात रेल्वेची चालती प्रतिकृती मांडायचे ठरवले. जिल्ह्यात रेल्वे येणार, येणार, हे आमच्या लोकांनी आजोबांकडून ऐकलेले होते. ती आली तर कारखान्याच्या दारात मालधक्का होईल, साखरेची पोती थेट डब्यात चढतील, हे सभासदांना वार्षिक सभेत डोळ्यांनी दाखवायचे, अशी आप्पांची कल्पना.

"पाऊस दाखवता येत न्हाई, साहेब," ते म्हणाले. "रेल्वे तरी दाखवू."

सभासदांना संशय होता, की दुष्काळात चेअरमन खेळणी मांडतोय म्हणजे त्यात काहीतरी आहे. आप्पांना संशय होता, की सभेत गाडी अडली तर विरोधी पॅनल त्याचा फायदा घेईल. आणि मला प्रत्येक तारेचा संशय होता, तो सवयीचा.

या लहान गाड्या आता संगणकावरून चालतात. रुळात सतत वीज असते, त्या विजेतूनच हुकूम जातात, आणि प्रत्येक इंजिन आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा पाळते. पण हुकूम द्यायचा तर आधी कोणता खंड भरलेला, कोणता रिकामा, ते संगणकाला कळायला हवे. ते कसे कळवायचे याचे चार मार्ग असतात, आणि चारांतून निवड करणे हे माझे काम होते. आप्पांनी ते उलटतपासणी घेतल्यासारखे ऐकले.

"डोळा बसवा की. गाडी दिसली की दिसली."

"बसतो. रुळाखालून किरण सोडायचा, गाडीने तो अडवला की कळतं. पण त्यावर धूळ बसते, आणि खिडकीतून ऊन आलं की तो चकतो."

"मग मोजा. आत किती चाकं गेली, भाईर किती आली."

"ते उत्तम. पण वीज गेली की मोजलेलं विसरतं."

"आन् विसरल्यावर काय सांगतं?"

"सगळं रिकामं आहे, असं."

"म्हंजी आमच्या जुन्या सेक्रेटरीवानी," आप्पा म्हणाले. "नगं ते."

तिसरा मार्ग लोहचुंबकाच्या कळीचा. इंजिनाच्या पोटाला चुंबक, रुळात कळ. त्यावरून गाडी गेली हे कळते, पण थांबून राहिली की नाही ते कळत नाही. चौथा मार्ग मला स्वतःला पसंत होता. इंजिन रुळातूनच वीज पिते. उभे असले तरी थोडी पीतच राहते. प्रत्येक खंडाच्या तारेवर एक लहानसे वेटोळे बसवले की कोणत्या खंडात वीज प्याली जाते ते कळते.

"ह्ये ब्येस," आप्पा म्हणाले. "कोन कुठं पितंय त्ये कळलंच पायजे."

या मार्गातही एक खोट आहे. मालडबे वीज पीत नाहीत. गाडीतून सुटून मागे राहिलेला डबा त्या वेटोळ्याला दिसतच नाही. म्हणून प्रत्येक डब्याच्या आसाला एक बारीक रोधक चिकटवावा लागतो, म्हणजे डबाही थेंबभर वीज पितो. ते किचकट काम माझ्याबरोबर गहिनीनाथने केले.

गहिनीनाथ चकलांब्याचा. कारखान्यात तो उसाच्या वजनकाट्यावर हंगामी कामगार होता. त्याचा चुलतभाऊ विरोधी पॅनलमधून उभा राहिला, आणि गहिनीनाथची काट्यावरून उचलबांगडी होऊन तो माझ्या हाताखाली आला. गाडी चालवायची, धूळ झाडायची, दाराची किल्ली सांभाळायची. मांजरसुंब्याचे फाट्यावरचे धाबे त्याने काड्यापेट्यांचे केले आणि बाहेर बाजा मांडल्या. खरा रेल्वेमार्ग मांजरसुंब्याच्या घाटातून जाईल असे कोणताही सर्वेक्षक म्हणणार नाही. पण आप्पांना तिथे बोगदा हवा होता. घाट आला की बोगदा आलाच पाहिजे, असे त्यांचे मत.

त्या घाटाचा डोंगर निर्मलाने दिला. असे डोंगर जाळीवर कापड अंथरून करतात. कापड जुने, सुती, धुऊन मऊ झालेले लागते. ते प्लास्टरच्या पाण्यात बुडवून पसरले की सुरकुत्यांच्या दऱ्या होतात. तिने ट्रंकेतून जुन्या साड्या काढून दिल्या. एक हिरवी, बारीक काठाची, मी बदलीच्या गावी घेतलेली होती. "ही डोंगरातच जाऊ द्या, बोहारणीला द्यायला जीव होत नाही," म्हणाली. डोंगर उभा राहिला, वाळला. रंग द्यायचा राहिला होता, तेवढ्यात ती आजारी पडली आणि त्याच उन्हाळ्यात गेली. तेरावा झाल्यावर मी परत कामावर गेलो. घरी बसून करायचे काय, हा प्रश्न होता. डोंगराला रंग मी दिला.

बोगद्याच्या आत हात पोचत नाही, म्हणून तिथे मी दोन साक्षीदार ठेवले होते. विजेचे वेटोळे आणि किरणाचा डोळा. दोघांपैकी एकानेही 'भरलेला' म्हटले तर गाडी बाहेर थांबावी, अशी मांडणी. पावसाळा कोरडाच गेला. गाडी पळत राहिली. दसऱ्याच्या दिवसांत मी गेलो नाही, कारण वर्ष झाले नव्हते आणि घरात सण नव्हता. दसरा झाल्यावर गेलो तेव्हापासून भूत सुरू झाले.

आमच्या भाषेत भूत म्हणजे गाडी नसताना भरलेला दिसणारा खंड. नियंत्रणाच्या पटावर बोगद्याच्या खंडाचा दिवा मधेच लाल व्हायचा, आणि मालगाडी बोगद्याच्या तोंडाशी येऊन थांबायची. डोळा म्हणायचा रिकामा, वेटोळे म्हणायचे भरलेला. एरवी दिवसभर काही नाही. आप्पा आले की लाल.

पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा हसले नाहीत. तिसऱ्यांदा पटावरच्या लाल दिव्याकडे बघत म्हणाले, "मी आलो की थांबती, मी गेलो की पळती. ह्ये यंत्र हाय का मानूस?" मग गहिनीनाथकडे न बघता विचारले, "किल्ली कुनापाशी असती?"

"माझ्यापाशी, आप्पा," गहिनीनाथ म्हणाला.

"आन् भाऊ काय म्हनतोय तुजा?"

गहिनीनाथ रुळावरची धूळ झाडू लागला. जाताना आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सभेआधी सापडलं तर ठीक. न्हाईतर ह्याला मी काडनार. माज्या घरात बसून मलाच अडवायलाय."

गहिनीनाथला काढणे म्हणजे काय, ते सांगायला हवे. उसतोड टोळीचा मुकादम त्याच्या दारात येऊन बसत होता. कारखान्यातले काम सुटले तर नवरा-बायकोने कोयता घेऊन पश्चिमेकडे उसतोडीला जायचे, एवढाच मार्ग उरत होता. मुलगी दहावीला होती. तिला मागे ठेवावे असे घरात कुणी नव्हते.

"साहेब, म्या काई केलं न्हाई," तो एवढेच म्हणाला. "तुमी तपासा."

मी तपासले. संशयात माणूस-यंत्र असा भेद करू नये, अशी आमची शिकवण, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात केली. नियंत्रणाच्या कपाटाला माझे स्वतःचे कुलूप लावले. आप्पा आले, खंड लाल झाला. तारा बदलल्या. वेटोळे बदलले. आप्पा आले, लाल. मग मी आप्पांवर संशय घेतला. त्यांच्या मोबाइलमुळे असेल, असे वाटून तो बाहेर ठेवायला सांगितला.

"फोन कावून पायजे?" त्यांनी खिशावर हात ठेवूनच विचारले. शेवटी दिला, पण देताना ज्याच्या हातात दिला त्याला बाहेर उन्हात उभे केले. फोन बाहेर, तरी लाल. त्यांच्या हातात अंगठ्या होत्या, त्यांच्याविषयीही मी बोललो असतो. गहिनीनाथने डोळ्यांनी नको म्हटले.

एक सोपा उपाय होता, आणि तो आप्पांनीच सुचवला. "दोन साक्षीदारांत एक खोटा हाय. खोट्याची तार सोडा." तार सोडली असती तर गाडी चालली असती. पण ज्याला खोटा ठरवून घरी पाठवावे, तो साक्षीदार एखाद्या दिवशी खरा निघतो. शिवाय कारण न सापडता गाडी चालली असती, तर गहिनीनाथवरचा आळ तसाच राहिला असता. उलट, साहेबांनी पकडायच्या आत त्याने खोडी काढून घेतली, असे झाले असते.

मग एक दिवस आप्पा येणार म्हणून निरोप आला, सगळी तयारी झाली, आणि ते मधेच छावणीकडे गेले. आलेच नाहीत. खंड मात्र ठरल्यासारखा लाल झाला.

मी खुर्ची घेऊन बसलो. आप्पा न येताही आप्पा आल्यासारखे इथे काय झाले? सतरंजी झाडली होती. चहा आला होता. आणि भिंतीतला मोठा कूलर घरघरत होता. कूलरमध्ये पाणी लागते. त्या वर्षी कारखान्यात पिण्याचे पाणीही मापून मिळत होते. टँकरमधून कूलरला पाणी मिळायचे ते फक्त आप्पा येणार असले की. एरवी आम्ही दोघे खिडक्या उघड्या टाकून घाम पुसत काम करत होतो, आणि हवा पापडासारखी कोरडी असायची.

कूलर बंद करायला सांगितला. दुपार कलेपर्यंत खंड हिरवा झाला. पुन्हा सुरू केला. हळूहळू लाल.

म्हणजे ओल. रुळांमधली खडी ओलसर झाली की एका रुळातून दुसऱ्या रुळात वीज झिरपते, आणि वेटोळ्याला वाटते कुणीतरी पितंय. खऱ्या रेल्वेत मी हे पावसाळ्यात कितीदा पाहिले होते. दुष्काळात ते सुचले नाही. पण कूलरचा वारा सगळ्याच खंडांवर जात होता. मग हा एकच का?

बोगद्याच्या तोंडाशी मुंग्यांची रांग होती. ती मी अगोदरही पाहिली होती, पण साखर कारखान्यात मुंग्यांवर संशय घेणारा माणूस वेडा ठरेल. आता विजेरी लावून वाकलो. मुंग्या आतल्या खडीत जात होत्या. चिमट्याने दोन खडे बाहेर काढले. एकाच्या बुडाला लाल ठिपका होता. बोटावर घासला. कुंकू.

"गहिनीनाथ," मी म्हणालो, "इथे काय झालं होतं?"

तो फडके घडी करत राहिला. मग म्हणाला, "खंडेनवमी."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारे, अवजारे, यंत्रे पुजतात. कारखान्यात चरकांपासून चाकांपर्यंत सगळे पुजले जाते. तेव्हा या गाडीलाही हळदकुंकू लागले होते आणि बोगद्याच्या तोंडाशी नारळ फुटला होता. नारळाचे पाणी उतारावरून आत गेले. वरून पुसले, आत कुणाचा हात पोचणार? पाणी आटले, त्यातले खारट-गोड खडीत राहिले. तसले मिश्रण दमट हवा आली की ओल ओढून घेते.

"मला सांगितलं का नाही इतके दिवस?"

"तुमच्या घरी सन न्हवता," तो म्हणाला. "काकू गेल्यात, आन् तुमच्यापुडं आमी पूजेच्या गोष्टी कशा कराव्या? मला काय ठाव, त्या नारळानंच गाडी अडली."

तो खडा मी टेबलावर ठेवला. मग मी विचारले, "नारळ कुणी फोडला?"

तो दाराकडे बघून आला. "आप्पांनी," म्हणाला. "ताट म्या धरलं व्हतं."

खडी बदलायची तर बोगद्यात हात घालायला हवा, आणि त्यासाठी डोंगर कापायला हवा. मी करवतीचे पाते हातात घेऊन उभा राहिलो. गहिनीनाथला त्या साड्या कुणाच्या ते माहीत होते. निर्मलाने त्याला आमच्या ओसरीत चहा दिला होता, ट्रंकही त्यानेच खाली उतरवली होती.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," तो म्हणाला. "तार सोडा. माझं बगू काय व्हईल ते."

"पोरगी दहावीला आहे ना?"

"हाय."

मी पाते लावले. प्लास्टर कापताना कोरडा, खरखरीत आवाज येतो. कापडाशी आल्यावर आवाज बदलतो. हिरव्या रंगाच्या आत हिरवा काठ निघाला. माझा रंग तिच्या रंगाच्या जवळपासही नव्हता. गहिनीनाथने कापलेला तुकडा माझ्या हातातून घेतला आणि खाली न टाकता टेबलावर पालथा ठेवला. आतली खडी आम्ही खरवडून काढली, रूळ पुसले, नवी खडी पसरली. मग कूलर लावून बसलो. टँकरवाला कुरकुरला, "आप्पा न्हाईत तर पानी कुनासाठी?" गहिनीनाथ म्हणाला, "भुतासाठी." खंड हिरवाच राहिला.

आप्पांना सांगणे बाकी होते. जुनी खडी मी एका ताटलीत ठेवली होती. आप्पा आल्यावर दोन तारा तिच्यात खोवून दाखवल्या. कोरडी असताना दिवा बंद. ओल्या फडक्याखाली ठेवली, दिवा लागला. ते शेतकरी होते, ओल त्यांना समजत होती.

"पन पानी आलं कुठनं?"

"नारळाचं. खंडेनवमीचं."

"कुनी फोडला?" विचारता विचारताच ते थांबले. त्यांना आठवले, हे चेहऱ्यावर दिसले. गहिनीनाथ खिडकीबाहेर पाहत होता.

"तुम्ही, आप्पा," मी म्हणालो.

आयुष्यात मी अनेक वरिष्ठांना अनेक बिघाड सांगितले. बिघाड तुम्हीच केलात, असे सांगायची वेळ कधी आली नव्हती.  मग आप्पांनी ताटलीतला एक खडा उचलून बोटात फिरवला.

"आजून कुनाला ठाव हाय?"

"आपल्या तिघांना."

"तिघांतच ऱ्हाऊ द्या." ते गहिनीनाथकडे वळले. त्या महिन्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहत होते. "तू काटा बी बग आन् ह्ये बी बग. परमनंटचं मी बोलतो. आन् फुडल्या साली नारळ दारात फोडायचा, दगडावर."

"व्हय, आप्पा."

त्यांनी न्याय केला, की त्याच्या तोंडाची सोय केली, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही कळत नाही. मी दोन्ही शक्यता उघड्या ठेवतो. सभेत गाडी घाटातून न थांबता गेली. सभासदांनी टाळ्या वाजवल्या आणि मागून कुणीतरी विचारले, "पोती भरली, पर ऊस कुठं हाय?" आप्पांनी गाडी पुन्हा सोडायला सांगितली. मुलगी दहावी झाली, पुढे शिकली. आप्पा मागे वारले. तिघांत आता दोघेच राहिलो, म्हणून हे लिहिण्याची मोकळीक घेतली. गहिनीनाथला विचारूनच घेतली.

एक गोष्ट राहिली. डोंगराचा कापलेला तुकडा परत बसवताना कडेला भेग पडली होती. तिथे लावायला कापड हवे होते, आणि माझ्याकडची ट्रंक मला उघडवत नव्हती. दुसऱ्या दिवशी गहिनीनाथने घरून एक धुतलेला तुकडा आणला. त्याच्या बायकोच्या जुन्या लुगड्याचा. "काकूंच्या साडीला बसंल," म्हणाला, आणि स्वतःच तो प्लास्टरमध्ये बुडवला.

तेवढा पट्टा डोंगरावर अजून वेगळा दिसतो. रंग मी दोनदा दिला, तरी दिसतो. कारखान्याकडे जाणे झाले की मी सभागृहात जातो. गहिनीनाथ किल्ली काढतो आणि दार उघडतो. मी पटावर पाहतो. घाटाचा खंड हिरवा असतो, म्हणजे रिकामा. तरीही मी बोगद्याच्या तोंडात बोटे घालून पाहतो. खडी कोरडी लागते. मग वरून त्या पट्ट्याच्या बाजूचा डोंगर चाचपतो, आणि हात तिथे जरा वेळ राहू देतो.